हाक ऐकतो, मग 'साखर' का म्हणत नाही?

"हाक मारली की वळतो हो. कुकरची शिट्टीही ऐकतो. कान ठीकच आहेत, जीभ तेवढी वळत नाही." हे इतक्या पालकांकडून ऐकलंय की हल्ली मी जिभेबद्दल विचारतच नाही. मुलाचे शब्द विचारते.

मुलगा साडेचार वर्षांचा. आजीने भराभर सांगितलं: मामा, नाना, लाडू अगदी स्पष्ट. साखर म्हणजे 'आकर', शाळा 'आळा', पिशवी 'पिवी'. आई म्हणाली, "आणि घरात म्हणायचं तर नुसतं 'घरा'."

मी पेन खाली ठेवलं. आपल्या भाषेत बराचसा अर्थ शेपटाकडे असतो: घरात, तूच, आलास. 'स' ऐकूच आला नाही तर 'आला' आणि 'आलास' सारखेच. तू की तो, हे मुलाला कळणार कसं? बोबडेपणा वाटतो तिथे व्याकरणही गळत असतं.

आईला त्याच्या मागे एक मीटरवर उभं केलं. तिने एकेक आवाज म्हणायचा: म, आ, ऊ, ई, श, स. मधे कमी-जास्त थांबत, नाहीतर मूल तालावरून अंदाज बांधतं. ऐकेल ते त्याने म्हणायचं. पहिले तीन बरोबर. 'ई'ला तो 'ऊ' म्हणाला. 'श'ला गप्प. 'स' तिने तीनदा म्हटला. तो खेळण्यातल्या गाडीचं चाक फिरवत राहिला.

"म्हणजे माझा आवाज पोचतो, शब्द नाही?"

हे पालकांच्या तोंडून आलं की माझं निम्मं काम होतं.

ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या पट्टीचा आवाज किती मोठा केला की ऐकू येतो त्याचा आलेख, तोही तेच बोलला: खालच्या पट्टीत, 500 हर्ट्झला, 25 डेसिबल पुरतात; वरच्या पट्टीत, 4000ला, 75 लागतात. म, आ, ऊ खालच्या पट्टीतले. 'स'चा बहुतेक जोर 4000च्या वर. 'ई'चं 'ऊ'पासूनचं वेगळेपणही वरच्याच पट्टीत. अशा कानाला जिभेचे व्यायाम देऊन काय होणार? आधी कानाचं मशीन, तेही जागेपणी पूर्ण वेळ. मग स्पीच थेरपी.

घरी रोज सकाळी हे सहा आवाज घ्या. बोलताना टीव्ही बंद, आणि जवळ या: अंतर निम्मं केलं की साधारण 6 डेसिबल मिळतात. 'स' चुकला तर बॅटरी पाहा, मोल्डमध्ये, म्हणजे मशीनच्या कानात बसणाऱ्या साच्यात, मळ किंवा त्याच्या नळीत ओल आहे का पाहा. मूल वाढतं तसा मोल्ड सैल होतो, मशीन शिट्टी मारतं, घरचे वैतागून मशीनचा आवाज कमी करतात आणि पहिला जातो तो 'स'च. आवाजाला हात लावू नका, नवा मोल्ड करून घ्या.