प्रूनोतला बटाटा

प्रश्न : अमेरिकी तुरुंगांत कैदी लपूनछपून आंबवतात ती ‘प्रूनो’ प्यायल्याने लकवा होतो म्हणे. दारूने लकवा?

उत्तर : दारूने नव्हे, बॉट्युलिझमच्या विषाने. बॉट्युलिझम म्हणजे एका जंतूने तयार केलेल्या विषामुळे होणारा आजार. २०११ मध्ये युटातल्या तुरुंगात ८ कैदी आजारी पडले, २०१६ मध्ये मिसिसिपीतल्या केंद्रीय तुरुंगात ३१. दोन्हीकडे संशय बटाट्यावरच गेला. युटातला बटाटा भाजलेला होता आणि जेवणातून काढून कित्येक आठवडे तसाच ठेवलेला.

प्रश्न : भाजलेल्या बटाट्यात जंतू उरतात कसे?

उत्तर : जंतू मरतात, बीजाणू (जंतूंचे टणक, सुप्त रूप) तगतात. ते मातीतून सालीवर येतात. त्यांना मारायला प्रेशर कुकरमधली सुमारे १२१ अंशांची वाफ लागते. भाजताना बटाट्याचा गाभा १०० अंशांपुढे जात नाही. शिवाय बटाट्याची आम्लता कमी (सामू ४.६ च्या वर), वर प्रूनो आंबवायच्या पिशवीचे तोंड बांधलेले, हवा नाही. बीजाणू उगवायला आणखी काय हवे? फळांचा रस बहुधा पुरेसा आंबट असतो, म्हणून नुसत्या फळांच्या प्रूनोत हा धोका बराच कमी. गंमत म्हणजे बटाटा घालून दारू वाढतही नाही: यीस्टला साखर लागते, बटाट्यातला स्टार्च त्याला फोडता येत नाही.

प्रश्न : अल्कोहोलने विष मरत नाही?

उत्तर : नाही. वासा-चवीवरूनही ते ओळखू येत नाही.

प्रश्न : मुंबईत मालवणीला २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. तोच प्रकार का?

उत्तर : नाही, ते मिथेनॉल होते, म्हणजे विषारी अल्कोहोल. त्याने नजर धूसर होते. बॉट्युलिझममध्ये एकाचे दोन दिसते, पापण्या उतरतात, जीभ जड होते, घास गिळवत नाही. मग लकवा वरून खाली सरकतो. ताप नसतो, शुद्ध शाबूत असते. लक्षणे बहुधा १२ ते ३६ तासांत दिसतात, कधी काही दिवसांनी. पहारेकऱ्याला माणूस झिंगलेला वाटतो; पण झिंग तासागणिक उतरते, हे वाढत जाते.

प्रश्न : इलाज?

उत्तर : अँटिटॉक्सिन, तेही लवकर. ते रक्तात फिरणारे विष अडवते. मज्जातंतूंना भिडलेले सोडवत नाही. म्हणून लक्षणांवरून संशय आला की तपासणीच्या निकालाची वाट न पाहता द्यावे. श्वास अडखळला तर व्हेंटिलेटर, कधी कित्येक आठवडे. त्याच पिशवीतली प्यायलेले बाकीचेही शोधावे लागतात, आणि शिक्षेच्या धाकाने ते गप्प बसले तर तिथेच घोळ होतो.