प्राचीन भारतात घाम काढण्यासाठी वेगळी घरं होती का? काल्पनिक संस्कृतीवरच्या कादंबरीत ती कशी दाखवावीत?

होती, आणि त्यांची बांधणी चरकसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथात मापांसह दिली आहे. त्याच्या सूत्रस्थान या विभागाच्या १४ व्या अध्यायात अग्नीच्या उष्णतेने घाम काढण्याचे १३ प्रकार सांगितलेत. त्यांतला 'जेंताक' तुमच्या कामाचा आहे.

तळ्याच्या दक्षिण किंवा पश्चिम काठावर, पाण्यापासून ७-८ अरत्नी सोडून, घाटाकडे तोंड करून गोल घर बांधायचं. अरत्नी म्हणजे कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंतचं अंतर, ढोबळमानाने दीड फूट. घराची उंची आणि रुंदी जास्तीत जास्त १६ अरत्नी. भिंती मातीने लिंपलेल्या, झरोके पुष्कळ. आत भिंतीलगत एक अरत्नी रुंद आणि तितकाच उंच ओटा, थेट दारापर्यंत सलग. मधोमध पुरुषभर उंचीचा, भट्टीच्या आकाराचा मातीचा पोकळ खांब. त्याला सगळीकडे बारीक भोकं आणि वर झाकण. त्यात खैरासारखी लाकडं भरून पेटवायची.

लगेच आत शिरायचं नाही. लाकडं पुरती जळून धूर निघून गेला आणि घर सोसवेल इतपत तापलं, की मग वातहर (वात शमवणारं) तेल चोळलेल्या, वस्त्र पांघरलेल्या माणसाला आत पाठवायचं. झरोके वगळून प्रसंग लिहू नका. धूर थांबला तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. त्याला वास नसतो आणि कोंदट खोलीत तो जीव घेतो.

मला सर्वांत मोलाची वाटते ती आत पाठवताना दिलेली सूचना: ओट्यावर कुशी बदलत सुखाने पडून राहा, पण मूर्च्छा येतेय असं वाटलं तरी जिवात जीव असेपर्यंत ओटा सोडू नकोस. ओट्यावरून ढळलास तर दार सापडणार नाही आणि तिथेच प्राण जाईल. गोल खोलीत कोपरा नसतो, भोवळ आलेल्याला दिशा कळत नाही. ओटा धरून सरकत गेलं की मात्र दार येतंच. अंग हलकं झालं, जखडलेपणा आणि जडपणा गेला की त्याच ओट्याच्या आधाराने बाहेर पडायचं.

बाहेर आल्यावर तळ्यात उडी मारायची नाही. कादंबऱ्यांत हीच चूक होते. डोळ्यांच्या रक्षणासाठी गार पाण्याला लगेच शिवायचं नाही; मुहूर्तभर, म्हणजे साधारण ४८ मिनिटं थांबून, दमणूक ओसरली की कोमट पाण्याने अंघोळ आणि मग जेवण. अति घाम काढला तर तहान, दाह, मूर्च्छा, आवाज आणि अंग क्षीण होणं ही लक्षणं दिसतात. गर्भवती, नेहमी मद्य पिणारा, रक्तपित्ताचा (रक्तस्राव होण्याच्या विकाराचा) किंवा अतिसाराचा रोगी यांना स्वेदन, म्हणजे असा घाम काढणं, वर्ज्य आहे.

तुमच्या कथेत मठ असेल तर पाली विनयातलं (बौद्ध भिक्षूंच्या नियमग्रंथातलं) 'जंताघर', म्हणजे घाम काढायचं घर, बघा. तिथे लहान खोलीत विस्तव एका बाजूला आणि मोठ्या खोलीत मधोमध ठेवायला सांगितलंय, धुरासाठी नळी आहे, आणि तोंड भाजू नये म्हणून चेहऱ्याला माती लावायची मुभा आहे. चिखल माखलेल्या चेहऱ्यांची ती रांग एकदा डोळ्यांसमोर आणा. जेंताकात एकटा रोगी वैद्याच्या आज्ञेत असतो. इथे अनेक जण एकत्र घाम काढतात, त्यामुळे आधी कोण बसणार, विस्तव कोण राखणार, पाणी कोण आणणार हे नियम तुमच्या समाजालाही ठरवावे लागतील.