भाषेचे प्रश्न : ‘पास्ड आउट’ चुकते, मग ‘ग्रोन अप’ का चालते?

प्रश्न : माझ्या मुलीने नोकरीच्या अर्जात ‘आय ॲम पास्ड आउट इन २०१९’ असे लिहिले होते. आमच्या परिचयातील इंग्रजीच्या एका प्राध्यापकांनी ते खोडले. मात्र ‘द कार इज ब्रोकन डाउन’ आणि ‘ही इज ग्रोन अप’ ही वाक्ये बरोबर आहेत, असे त्यांनीच सांगितले. तिन्ही वाक्यांची घडण सारखी असताना पहिलेच चूक कसे? — एक वाचक, कराड

उत्तर : प्राध्यापकांनी खोडले ते योग्यच केले, मात्र दोष आपल्याला वाटतो तिथे नाही. व्याकरणाच्या दृष्टीने ‘पास्ड आउट’ ही घडण निर्दोष आहे. अडचण अशी की, हे वाक्य वाचणाऱ्या इंग्रजाला किंवा अमेरिकनाला त्यातून ‘मी बेशुद्ध पडलेली आहे’ एवढाच बोध होईल. शिक्षण पूर्ण करून बाहेर पडणे हा ‘पास आउट’चा अर्थ आपल्याकडे सर्रास चालतो आणि खडकवासल्याच्या प्रबोधिनीतील ‘पासिंग आउट परेड’मुळे तो आपल्या कानांवरही आहे, परंतु ब्रिटिश इंग्रजीत तो मुख्यतः सैन्य आणि पोलीस यांच्या प्रशिक्षणापुरता उरला आहे. शिवाय तिथेही तो घडलेली घटना सांगतो, आजची अवस्था नव्हे. म्हणून ‘आय पास्ड आउट ऑफ कॉलेज इन २०१९’ हे भारतीय इंग्रजीत खपून जाते. ‘आय ॲम’ जोडले की ते अवस्थेचे वर्णन होते आणि अर्थ थेट बेशुद्धीकडे वळतो. अर्जात ‘आय ग्रॅज्युएटेड इन २०१९’ असे लिहावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. क्रियापदाचे तिसरे रूप, म्हणजे पास्ट पार्टिसिपल, हे नेहमी कर्मणि असते असे शाळेत शिकवले जाते, आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते. ‘लेड-ऑफ वर्कर्स’ म्हणजे ज्यांना कामावरून कमी करण्यात आले ते कामगार. हा अर्थ कर्मणि आहे. ‘ग्रोन-अप सन’ म्हणजे मात्र कोणी वाढवलेला नव्हे, तर स्वतः वाढून मोठा झालेला मुलगा. ‘ब्रोकन-डाउन कार’ ही बंद पडलेली गाडी आणि ‘ड्राइड-अप रिव्हर’ ही आटलेली नदी, यांतही क्रिया त्या वस्तूवरच ओढवलेली आहे, ती करणारा दुसरा कोणी नाही. मराठी वाचकाला हे अवघड वाटू नये, कारण आपला ‘-लेला’ अगदी असाच वागतो. कापलेला आंबा कोणीतरी कापलेला असतो, पिकलेला आंबा आपला आपण पिकतो, प्रत्यय एकच.

परंतु आपला ‘-लेला’ इंग्रजीपेक्षा दोन पावले पुढे जातो. आपण ‘बसलेला मुलगा’, ‘झोपलेला मुलगा’ असे सहज म्हणतो. इंग्रजीत ‘स्लेप्ट बॉय’ होत नाही. तिथे ‘स्लीपिंग बॉय’च म्हणावे लागते. ज्या क्रियापदात वस्तूची स्थिती बदलते (वाढणे, आटणे, बंद पडणे, गळून पडणे), त्याच अकर्मक क्रियापदाचे तिसरे रूप इंग्रजी माणूस नामाच्या आधी विशेषण म्हणून लावतो. नुसते झोपणे, हसणे, धावणे त्याला त्यासाठी पुरत नाही. ‘स्लेप्ट-इन बेड’ मात्र चालतो, कारण तो कोणीतरी झोपून उठलेला बिछाना असतो आणि अर्थ पुन्हा कर्मणि होतो. आपल्याकडील ही मोकळीक संस्कृतातही दिसते. गत्यर्थक (जाणे या अर्थाच्या) आणि अकर्मक धातूंना, तसेच शी, स्था, आस् अशा काही धातूंना ‘क्त’ प्रत्यय (‘गत’, ‘स्थित’ यांतला ‘त’) कर्त्याच्या अर्थीही लागतो, असे पाणिनीचे सूत्र (३.४.७२) आहे. शी म्हणजे निजणे आणि आस् म्हणजे बसणे. ‘उत्तीर्ण’ हा शब्दही उद् हा उपसर्ग, तॄ हा धातू आणि क्त प्रत्यय असा बनला आहे. पार करून बाहेर पडलेला, असा त्याचा अर्थ. ‘मी उत्तीर्ण आहे’ असे बिनदिक्कत म्हणणाऱ्याच्या लेखणीतून ‘आय ॲम पास्ड आउट’ उतरले, तर त्यात नवल नाही.

राहिला प्रश्न ‘अप’, ‘डाउन’, ‘आउट’ या शेपटांचा. इंग्रजी व्याकरणात त्यांना पार्टिकल म्हणतात आणि अर्थ फिरवण्याची त्यांची ताकद मोठी आहे. एकटे ‘ब्रोकन’ घ्या. काच ‘ब्रोकन’ असते, गाडी ‘ब्रोकन डाउन’ असते, आणि घर ‘ब्रोकन इन्टू’ असेल तर तिथे घरफोडी झालेली असते. नवी कोल्हापुरी चप्पल पहिले काही दिवस चावते. मग चामडे मऊ पडते, अंगठा आपली जागा धरतो आणि ती पायात बसते. त्या अवस्थेला इंग्रजीत ‘ब्रोकन-इन’ म्हणतात. पुढे तीच चप्पल टाचेखाली झिजून गेली की ‘वोर्न-आउट’ होते. या ‘झिजून गेली’मधला ‘गेली’ पाहावा. क्रिया शेवटास गेली हे सांगण्याचे जे काम इंग्रजी ‘आउट’ किंवा ‘अप’ करतो, ते मराठीत बहुधा दुसरे क्रियापद करते : संपून गेलेले, खाऊन टाकलेले, विसरून बसलेला. म्हणून अशा जोडशब्दांतील ‘अप’चा अर्थ ‘वर’ असा शोधत बसण्यापेक्षा, आपल्याकडे तिथे ‘जाणे’, ‘टाकणे’, ‘बसणे’ यांपैकी काय आले असते ते पाहणे अधिक उपयोगी ठरते.

प्रश्न : नाम ‘ब्रेकडाउन’, पण विशेषण ‘ब्रोकन-डाउन’, नाम ‘लेऑफ’, पण विशेषण ‘लेड-ऑफ’. मग ‘रन आउट’ दोन्हीकडे सारखे कसे? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : घटनेचे नाम मूळ रूपापासून होते आणि अवस्थेचे विशेषण तिसऱ्या रूपापासून होते. ‘ग्रोन-अप’ हे प्रौढ माणसाला उद्देशून नामासारखेही वापरतात, पण ते घटनेचे नव्हे, माणसाचे नाव आहे. ‘रन’चे मूळ रूप आणि तिसरे रूप एकच असल्यामुळे तिथे फरक दिसत नाही; तो दिसतो फक्त दुसऱ्या रूपात. १९४७ च्या डिसेंबरात सिडनी कसोटीत विनू मंकड यांनी गोलंदाजीच्या टोकाला क्रीज सोडून पुढे गेलेल्या बिल ब्राउनला बाद केले. तिथे ‘मंकड रॅन ब्राउन आउट’ हे बरोबर आणि ‘ब्राउन वॉज रन आउट’ हेही बरोबर; ‘वॉज रॅन आउट’ मात्र चूक, आणि ही चूक वारंवार ऐकू येते. (अशा बादपद्धतीचा नियम २०२२ च्या १ ऑक्टोबरपासून ‘अनफेअर प्ले’तून काढून ‘रन आउट’खाली नेण्यात आला आहे.) जोडरेघेविषयी एवढेच, की विशेषण नामाच्या आधी आले तर ती द्यावी, क्रियापदानंतर आले तर सहसा देऊ नये.

प्रश्न : ‘आउटस्पोकन’ आणि ‘डाउनट्रॉडन’ यांत शेपूट पुढे का आले? — एक वाचक, मडगाव

उत्तर : कारण ही जुनी चाल आहे. इंग्रजीच्या जुन्या अवस्थेत असे शब्द क्रियापदाच्या आधीही लागत, आणि तिसऱ्या रूपात ती सवय टिकून राहिली : ‘डाउनकास्ट’, ‘ओव्हरग्रोन’, ‘इनबॉर्न’. काही जोड्या आजही दोन्ही क्रमांनी नांदतात. ‘इनबिल्ट’ आणि ‘बिल्ट-इन’ यांत अर्थाचा फरक जवळजवळ नाही. सगळीकडे मात्र असे नसते. ‘अपसेट’ माणूस खिन्न असतो, ‘सेट अप’ झालेला माणूस कोणीतरी रचलेल्या सापळ्यात सापडलेला असू शकतो. ‘आउटस्पोकन’ हा तर वर सांगितलेल्या नियमालाच अपवाद आहे. बोलणे ही स्थिती बदलणारी क्रिया नसूनही तो शब्द स्पष्ट बोलणाऱ्या माणसालाच लागतो. असे शब्द सुटे पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही.

संस्कृतात नेमके उलट घडले. उपसर्ग धातूच्या आधी यावा (१.४.८०), असे पाणिनी सांगतो आणि वेदांत तो नंतरही येतो, मध्ये इतर शब्द टाकून दूरही राहतो, अशी पुस्ती पुढच्या दोन सूत्रांत जोडतो. तिथे सुटा उपसर्ग पुढे कायमचा चिकटला. इंग्रजीत चिकटलेला बराचसा सुटून मागे गेला. ही मागची शेपटे परकीयांना सर्वांत जड जातात, हे सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवले आहे. अशा शेपूट लागलेल्या क्रियापदांचे ‘फ्रेझल व्हर्ब’ हे आजचे नाव रूढ झाले ते मात्र विसाव्या शतकात. नवा शब्द घडवायचा झाला तर इंग्रजी आता बहुधा शेपूट मागेच लावते. संगणकावर ‘लॉग्ड-इन युजर’ असतो, ‘इनलॉग्ड’ कोणी म्हणत नाही. आणि तो युजरही ‘ग्रोन-अप’ मुलासारखा स्वतःच आत आलेला असतो, त्याला कोणी आत घातलेले नसते.