डोंगरातल्या आडरानात स्नोबाइक घ्यावी की स्नोमोबाइल? स्नोबाइकवाला गटाला जड होतो का?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. मोटोक्रॉसची, म्हणजे मातीच्या खडतर वाटांवरच्या मोटरसायकल शर्यतीची, सवय असलेल्या माणसाने आपल्या 450 सीसी गाडीला किट बसवून (पुढच्या चाकाच्या जागी स्की, मागच्या चाकाच्या जागी फिरता पट्टा) तिची स्नोबाइक करावी की सरळ स्नोमोबाइल, म्हणजे पुढे दोन स्की आणि मागे रुंद पट्टा असलेली बर्फगाडी, घ्यावी, हा पहिला. आणि बाकी सगळे स्नोमोबाइलवाले असताना आपण एकटेच स्नोबाइक घेऊन गेलो तर गटाला जड होतो का, हा दुसरा. पहिल्या भागाचे उत्तर थोडक्यात देतो, कारण त्यावर सांगणारे पुष्कळ आहेत. दुसऱ्या भागाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण हाच आक्षेप मी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या डोंगरात, सगळ्या गटादेखत, माझ्याबद्दल ऐकला आहे आणि तो मला आजही मान्य नाही.

यंत्रांचे गणित असे आहे. डोंगरी स्नोमोबाइलला 850 सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन असते, ते 165 अश्वशक्तीच्या आसपास ताकद देते आणि पट्टा पंधरा-सोळा इंच रुंद असतो. स्नोबाइकच्या 450 इंजिनाची ताकद पन्नास-पंचावन्न अश्वशक्ती, पट्टा त्याहून बराच अरुंद आणि पुढे एकच स्की. वजन मात्र सुमारे दीडशे किलो भरते, तर स्नोमोबाइल पेट्रोल आणि अंगावर साचलेला बर्फ धरून अडीचशेच्या घरात सहज जाते. विरळ हवेमुळे टर्बो नसलेल्या कोणत्याही इंजिनाची ताकद दर 300 मीटर चढाईला साधारण 3 टक्क्यांनी घटते, आणि ज्याच्याकडे मुळात कमी आहे त्याला ती घट जास्त जाणवते. स्नोमोबाइलला बेल्टवर चालणारी सीव्हीटी, म्हणजे हाताने गिअर बदलावे न लागणारी यंत्रणा, असल्यामुळे अंगठा दाबला की ताकद सलग मिळत राहते. स्नोबाइकला क्लच आणि गिअर आहेत, त्यामुळे उभ्या चढावर चुकीच्या गिअरमध्ये सापडलात की इंजिन दबते, वेग मरतो आणि गाडी जागच्या जागी खाली खणत जाते. तुम्हाला क्लचची सवय आहे, म्हणून हे तुम्ही लवकर शिकाल.

थंडीचे एक प्रकरण किट विकणारे नीट सांगत नाहीत, म्हणून इथे सांगतो. मोटोक्रॉसच्या गाडीचा रेडिएटर उन्हातल्या धुळीसाठी बनवलेला असतो. बर्फात इंजिन गरजेपेक्षा थंड राहते, तेलात ओलावा साचून ते दुधाळ होते आणि इंजिन कधीच मोकळेपणाने चालत नाही. थर्मोस्टॅट बसवल्याशिवाय आणि रेडिएटर अर्धे झाकल्याशिवाय बाहेर पडू नका. हवेच्या फिल्टरवर बारीक बर्फ जमून त्याचा थर होतो, त्यालाही आवरण लागते. स्नोमोबाइलची अडचण नेमकी उलटी: तिचे इंजिन पट्ट्याने उडवलेल्या बर्फावरच थंड होते, म्हणून कडक, गोठलेल्या रस्त्यावर ती तापते आणि रस्ता खरवडून बर्फ उडवणारे स्क्रॅचर खाली सोडावे लागतात.

आता दुसरा भाग. आमचा चौघांचा गट होता आणि त्याचे म्होरके वयाने आणि अनुभवाने मोठे असलेले एक गृहस्थ, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. डोंगराची त्यांची समज उत्तम आहे, हिमस्खलनाचा अंदाज रोज सकाळी वाचल्याशिवाय ते गाडी ट्रेलरवरून उतरवू देत नाहीत, आणि मी त्यांच्याकडून पुष्कळ शिकलो आहे. पण मी स्नोमोबाइल विकून स्नोबाइक घेतल्यापासून त्यांचा एकच धोशा होता. पायथ्यापासून वरच्या झोपडीपर्यंत सुमारे वीस किलोमीटरचा दाबलेला रस्ता होता. अशा कडक रस्त्यावर स्नोबाइकची एकुलती स्की आधीच्या गाड्यांच्या चाकोरीत शिरते आणि हँडल डावी-उजवीकडे ओढत राहते, त्यामुळे स्नोमोबाइलच्या वेगाने जाता येत नाही. मी झोपडीपाशी पोचलो तेव्हा तिघेही हेल्मेट काढून बसले होते. दादा म्हणाले, “अरे, तुझ्यासाठी थांबण्यातच आमचा दिवस जातो. ही सायकल घेऊन तू गटाला जड होतोस.” मी त्या वेळी काही बोललो नाही.

दुपारी आम्ही झाडीच्या वरच्या मोकळ्या पट्ट्यातून आडवे जात होतो. उतार तीव्र नव्हता, बर्फ ताजा आणि गुडघाभर होता. आमच्यातला सर्वांत तरुण मुलगा मागून दुसरा होता. आडव्या उतारावर स्नोमोबाइल चालवायची म्हणजे चढाकडच्या बाजूला तिला सतत कलती धरून ठेवावी लागते. त्याचा तोल क्षणभर सुटला, गाडी सपाट झाली, नाक उताराकडे वळले आणि तो झाडीतून खालच्या घळीत दिसेनासा झाला. वॉकीटॉकीवर त्याचा आवाज आला तेव्हा आम्हाला श्वास घेता आला. गाडी दोन झाडांच्या मध्ये नाकावर अडकली होती, गुडघा पिरगळला होता, आणि घळीच्या तळाशी अर्धवट उघडा ओढा वाहत होता.

दादांनी तत्काळ सांगितले की कोणीही खाली उतरायचे नाही, आणि स्नोमोबाइलसाठी ते शंभर टक्के बरोबर होते. अडकलेल्या गाडीकडे दुसरी गाडी नेली की दोन गाड्या अडकतात, हा आडरानातला जुना अनुभव आहे. पण मी जागच्या जागी गाडी थांबवून त्या घळीची बाजूची सोंड पाहत होतो. सोंडेवर दाट झाडी होती, झाडांमध्ये दीड-दोन मीटरची फट होती, आणि वर कोठेही कॉर्निस, म्हणजे कड्याच्या धारेवरून बाहेर आलेला बर्फाचा छज्जा, लोंबकळत नव्हता. मी म्हणालो, “दादा, मी सोंडेवरून उतरतो. त्याचे बघतो आणि ओढ्याच्या काठाने बाहेर वाट आहे का तेही बघतो.” ते म्हणाले, “मग दोघांना काढायला मला रात्र होईल.” मी बीकन (बर्फाखाली गाडलेल्या माणसाचा ठाव लावणारे, अंगावर घालायचे रेडिओ यंत्र) पुन्हा एकदा तपासला आणि उतरलो.

स्नोबाइक कशासाठी आहे हे ज्याला पाहायचे असेल त्याने तिला अशा जागी पाहावे. मी पायट्यांवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभा होतो, गाडी चढाकडे कलती होती आणि चढाकडच्या बाजूचा पायटा बर्फात नांगरासारखी रेघ ओढत येत होता; बुटाच्या टोकावर त्या रेघेतून निघालेला बर्फ साचायचा आणि सायलेन्सरवर पडलेल्या ढेकळांची वाफ व्हायची. झाड आले की शरीर एका बाजूला, गाडी दुसऱ्या बाजूला, आणि स्की नजर जाते तिकडे. दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला जवळजवळ हात न लावता, मी त्या मुलापाशी पोचलो. तो झाडाच्या बुंध्याला टेकायला निघाला होता, त्याला आधी तिथून दूर केले. फांद्यांखाली बर्फ कमी पडतो आणि बुंध्याभोवती जो पोकळ खड्डा राहतो त्यात माणूस डोके खाली होऊन पडला तर त्याला स्वतःहून निघता येत नाही.

गाडी सोडवायला वेळ लागला. आडव्या फांद्या करवतीने कापल्या, चढाकडची बाजू फावड्याने मोकळी केली, पट्ट्यापुढचा बर्फ पायाने तुडवला आणि तसाच ठेवला. तुडवलेल्या बर्फाचे कण थोड्या वेळात एकमेकांना धरतात आणि तो पुलासारखा टणक होतो. घाई करणारे लोक इथेच ॲक्सिलरेटर दाबून नवा खड्डा करतात. बर्फ घट्ट होईपर्यंत मी स्नोबाइक ओढ्याच्या काठाने खाली नेली आणि जुना लाकूडतोडीचा रस्ता सापडला. परतताना माझ्याच रेघेशेजारून दुसरी रेघ टाकली, पुन्हा खाली जाताना तिसरी, कारण स्नोबाइकची एक रेघ अरुंद असते आणि स्नोमोबाइलच्या दोन स्कींना जवळजवळ मीटरभर रुंदीची वाट लागते. ती वाट बसू दिली. त्या मुलाने एक पाय जपत स्वतःची गाडी स्वतः चालवत तिच्यावरून रस्ता गाठला, आणि दादा वरच्या बाजूने फिरून आम्हाला तिथे भेटले. अंधार पडायला अजून वेळ होता.

मला वाटले होते की आता तरी वाद मिटेल. दादांनी त्या मुलाचा गुडघा पाहिला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “आज झाडी होती म्हणून निभावले. त्याला गाडी चालवता आली नसती तर तू त्याला पाठीमागे बसवून आणला असतास का?” नसता आणला. स्नोबाइकवर दुसऱ्याला बसवण्याची जागा नाही. पण माझे म्हणणे तेव्हाही हेच होते आणि आजही हेच आहे की या प्रश्नाने माझी गाडी निरुपयोगी ठरत नाही. गटात एक स्नोबाइक आणि निदान एक दणकट स्नोमोबाइल अशी दोन्ही असावीत, एवढेच त्यावरून सिद्ध होते. त्या घळीतून वाट शोधणे आणि पाडणे आमच्या गटातल्या कोणत्याही स्नोमोबाइलला जमले नसते, आणि गरज पडली असती तर रस्त्यावरून जखमी माणसाला नेणे माझ्या गाडीला जमले नसते. ज्याला पहिले अर्धे वाक्य ऐकू येत नाही आणि दुसरेच तेवढे ऐकू येते, त्याने डोंगर एकाच बाजूने पाहिला आहे.

दादांच्या पिढीचे माप म्हणजे उघड्या उतारावर कोण किती उंच रेघ मारून परत वळतो. त्या मापात स्नोबाइक हरणारच. पण तेच माप माणसांना तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर नेते, जिथे बहुतेक हिमस्खलने सुटतात, आणि खाली पाहणाऱ्यांची गर्दी जमवते. मार्च 2010 मध्ये त्याच प्रांतातल्या रेव्हलस्टोक गावाजवळच्या बोल्डर माउंटनवर अशाच एका जमावावर हिमस्खलन कोसळले, दोघांचा जीव गेला आणि तीसच्या आसपास माणसे जखमी झाली. त्यात कोण कोणत्या गाडीवर होते याला महत्त्व नाही. जिथे सगळ्यांचे लक्ष उंचीकडे लागते तिथे थांबण्याच्या जागेकडे कोणी पाहत नाही, एवढे मला त्यावरून दिसते. झाडीत रमणारी गाडी घेतल्यापासून मी स्वतः त्या शर्यतीतून बाहेर पडलो आणि माझे डोंगरातले दिवस जास्त समाधानाचे झाले.

तुमचा कल आता स्नोबाइककडे झुकत असेल तर काही गोष्टी घेण्याआधी माहीत असू द्या. झाडीतही हिमस्खलन होते, झाडांमुळे आपण सुरक्षित आहोत ही समजूत घातक आहे. कमरेच्या वर भुसभुशीत, हलका बर्फ असेल आणि चढ सलग असेल तर स्नोबाइक दमते, तुमचे पायटे आणि बूट बर्फात ओढत राहतात आणि मागे पडणे अटळ असते. तिला रिव्हर्स नाही. स्नोमोबाइलमध्ये बटण दाबले की इंजिन उलटे फिरते, इथे मात्र उतरून गाडी आडवी पाडायची आणि शेपूट ओढून वळवायची, अर्थात एकट्या माणसाला ते जमते हाच तिचा मोठा गुण आहे. टाकी सात-आठ लिटरची असते, म्हणून इंजिन कमी पेट्रोल पीत असले तरी जादा डबा बरोबर हवाच. दिवसभर उभे राहून चालवायला मांड्या आणि खांदे तयार लागतात. बीकन, फावडे आणि प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) अंगावर असावेत, गाडीला बांधलेले नसावेत, आणि मोबाइल फोन बीकनपासून शोध घेताना निदान 50 सेंटिमीटर, एरवी 20 सेंटिमीटर दूर ठेवावा. गाडलेल्या माणसाच्या जगण्याची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते, त्यामुळे शोध बरोबरच्यांनीच घ्यावा लागतो. तुमच्या भागात मोकळी पठारे आणि लांबलचक रस्तेच असतील आणि झाडी नावालाच असेल, तर सरळ स्नोमोबाइल घ्या. माझ्या वादासाठी तुम्ही चुकीची गाडी घ्यावी असे मला मुळीच वाटत नाही.

झाडी असेल तर स्नोबाइक घ्या, आणि हंगाम सुरू होण्याआधी गटाशी स्पष्ट बोलून घ्या. दाबलेल्या रस्त्यावर स्नोबाइकवाला एका जोडीदाराबरोबर अर्धा तास आधी निघेल आणि झोपडीपाशी सगळे एकत्र होतील, म्हणजे कोणाला कोणासाठी थांबल्याची तक्रार राहणार नाही. आडव्या झाडीच्या उतारावर स्नोबाइकवाला पुढे राहील आणि वाट पाहून देईल. उघड्या, खोल बर्फात स्नोमोबाइलवाला पुढे राहील आणि स्नोबाइकवाला त्याने दाबलेल्या रेघेवरून चढेल. संशयास्पद उतारावर एका वेळी एकच गाडी, बाकीचे सुरक्षित जागी, नाक बाहेरच्या दिशेला करून. ही व्यवस्था मी दादांपुढे मांडली तेव्हा त्यांनी हसून विषय बदलला, पण त्यानंतरच्या हंगामात रस्त्यावर मला आधी पाठवायला त्यांनीच सुरुवात केली. “जड होतोस” हे शब्द मात्र त्यांनी अजून मागे घेतलेले नाहीत.