दुसऱ्याच्या शेतातून जाणारी वाट

प्रश्न : ताई, मुलगा मँचेस्टरला नोकरीला आहे. जूनमध्ये आम्ही नवरा-बायको तिकडं जातोय. तो म्हणतो, एक दिवस एडेल गावापासून कॅसलटनला डोंगरावरून पायी जाऊ. माझं वय ६३. पंढरीच्या तीन वाऱ्या पायी झाल्यात, चालायची भीती नाही. पण ती वाट म्हणे लोकांच्या शेतांतून, मेंढरांच्या कुरणांतून जाते. परक्या मुलखात कुणी अडवलं तर? आणि खाण्यापिण्याचं कसं करावं?
– एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : भाऊ, जरूर जा. माझी लेक शेफील्डला होती तेव्हा मी हीच वाट चालले, जूनमध्येच. तुमच्या मनात आहे तीच धाकधूक माझ्याही मनात होती. एडेल स्टेशनहून निघालो आणि थोड्या वेळात फाटक आलं. पलीकडं कुणाचं तरी कुरण, त्यात मेंढ्या आणि त्यांची पिल्लं. मी कडीवर हात ठेवून उभीच राहिले. आपल्याकडं असं दुसऱ्याच्या रानात शिरलं तर बांधावरूनच हाळी येते, ‘कोण हाय रं तिकडं?’ तेवढ्यात मालक छोट्या चारचाकी गाडीवरून आला. ‘मॉर्निंग’ म्हणाला, फाटक लावून घ्या अशी हातानं खूण केली आणि निघून गेला.

त्याची काही मेहरबानी नव्हती. ती वाट सरकारी नकाशावर नोंदलेली आहे, तिच्यावरून चालायचा हक्क लोकांचा आहे. वाट वावरातून जात असली आणि शेतकऱ्यानं नांगरलं, तर पहिल्या नांगरणीनंतर १४ दिवसांत त्यानं ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची, किमान १ मीटर रुंद. हे सगळं सुखासुखी मिळालेलं नाही. एडेलच्या डोक्यावर किंडर स्काउट नावाचं पठार आहे. ते शिकारीसाठी राखलेलं होतं, सामान्य माणसाला बंदी. २४ एप्रिल १९३२ला शेकडो कामगार पोरं बंदी मोडून वर चढली, त्यातल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढं १९४९ला कायदा आला, पाऊलवाटांची नोंद सुरू झाली आणि १९५१ला हाच सगळा डोंगराळ मुलूख, ‘पीक डिस्ट्रिक्ट’ म्हणतात तो, ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला.

आता वाट सांगते. एडेलहून चढून हॉलिन्स क्रॉस ही खिंड. एडेलला स्वतःचं चर्च नव्हतं तेव्हा मयत याच खिंडीतून खांद्यावर कॅसलटनला न्यायचे. पुढं एडेलला कापसाची गिरणी झाली, तेव्हा कॅसलटनच्या बाया हीच खिंड ओलांडून कामाला यायच्या. मी तिथं दगडावर टेकले तेव्हा मला त्या बायाच दिसत होत्या, पहाटे अंधारात पदराला भाकरी बांधून निघणाऱ्या आपल्याकडच्या बायांसारख्या. खिंडीतून धारेनं उजवीकडं मॅम टॉर हा डोंगर, उंची ५१७ मीटर. देवगिरी चढू शकणाऱ्याला हे अवघड नाही, वर फरसबंदी वाटही आहे. वारा मात्र अंगावर येतो, डोक्यावरचा रुमाल घट्ट बांधा.

मॅम टॉरच्या पूर्वेच्या कड्याखालचा मोडका रस्ता चुकवू नका. तीस वर्षं भूगोल शिकवला, पण असा धडा पुस्तकात सापडला नव्हता. डोंगर शेल नावाच्या ठिसूळ खडकाचा, सारखा सरकतो. रस्ता खचला की वर पुन्हा डांबर, असं करत करत शेवटी १९७९ला तो कायमचा बंद केला. चिरफाळलेल्या कडेला वाकून पाहिलं तर डांबराचे थरावर थर दिसतात. मी बोटानं मोजायला लागले तर लेक म्हणाली, आई, गाडी चुकेल.

पुन्हा खिंडीत येऊन कॅसलटनला उतरा. तिथून ओढ्याच्या अंगानं होप गावापर्यंत सपाट वाट आहे. एडेलच्या पुढचंच स्टेशन होप, तिथून मँचेस्टरची गाडी. सगळं मिळून बारा-तेरा किलोमीटर. उजेड रात्री साडेनऊपर्यंत असतो.

गाईंना मात्र जपा. वासरं बरोबर असली तर गाय आणि वासरू यांच्यामधून जाऊ नका, लांबून वळसा घ्या. फाटक जसं असेल तसंच ठेवा. बूट पकडीचे घ्या. मी कापडी बुटांवर गेले आणि उतरणीच्या चिखलात बसकण मारली. खायला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी न्या. कॅसलटनमध्ये चहा मिळतो.

एक मागणं आहे. तिकडच्या पायी चालणाऱ्यांच्या नकाशावर पाऊलवाट हिरव्या तुटक रेषेनं दाखवतात. आपल्या गाव नकाशावरही ती एकेरी तुटक रेषेनं असते, गाडीवाट दुहेरी. परत आल्यावर मी आमच्या गावाचा नकाशा काढला. शाळेच्या वाटेवर एकानं आडवा चर खणला होता, त्या जागी रेषा स्पष्ट होती. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६च्या कलम ५खाली तहसीलदारांकडं दावा लावला. वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो, हे ध्यानात ठेवा. चर बुजला. तुमच्याही गावाचा नकाशा जाण्याआधी एकदा पाहून जा.