चालेल

चिऊ,

परवा गाडीत तू विचारलंस आणि कानात हेडफोन घालून मोकळी झालीस. मला दोन रात्री झोप नाही. "मी जिथे अर्ज करतेय, मोदकमावशी त्याच कंपनीत एवढ्या मोठ्या पदावर आहेत. तू त्यांना एक मेल टाकलास तर काय बिघडेल? सगळ्यांचे आईबाबा टाकतात. तू मेली सगळ्यालाच 'चालेल' म्हणतेस. मराठी लोक समाधानी असतात की नुसते भित्रे?" ('मेली' माझं. बाकी सगळं तुझं.)

'भित्रे' लागलं. लागलं म्हणून लिहितेय, तुला शिकवायला नाही.

साताऱ्याच्या घरात आमच्याकडे फोन नव्हता, हे तू ऐकलंयस. आप्पा टेलिफोनच्या ऑफिसात होते, हेही ऐकलंयस. पण हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं, हे तुझ्या कधी लक्षात आलं का? 1991 साली सबंध देशात फोन होते जेमतेम 50 लाख. अर्ज करायचा, पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघायची. आमच्या भागाच्या यादीचं रजिस्टर आप्पांच्या टेबलावर असायचं. आणि शाळेच्या फॉर्मवर आम्ही नंबर लिहायचो शेजारच्या वकीलकाकांचा, पुढे 'पीपी'. म्हणजे फोन त्यांचा, बोलवून आणायचं आम्हाला. वकीलकाकू खिडकीतून ओरडायच्या, "माई, फोऽन!" की माई कणकेच्या हातांनी धावायची. टेलिफोनवाल्यांच्या घरी पीपी! वाड्यातली पोरं यावरून मला रडकुंडीला आणायची.

दिवाळीत कंदी पेढ्यांचे पुडे यायचे. आप्पा दारातूनच म्हणायचे, "यादीत आहे तुमचं नाव, येईल नंबर," आणि पुडा परत. एकदा ते घरी नसताना मी पुड्याची दोरी सोडली आणि एक पेढा खाल्ला. आप्पा आले, पुडा उचलला, मला पोवई नाक्यापर्यंत चालवत नेलं, एक पेढा विकत घेतला, पुड्यात भरला, आणि त्या माणसाच्या घरी जाऊन तो मला परत द्यायला लावला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

ही गोष्ट नाना दर वेळी सांगतो. पुढची सांगत नाही. माईची आई कराडला वारली, त्या दिवशी वकीलकाकांच्या घराला कुलूप होतं. निरोप घेऊन माणूस एसटीने आला तोवर सगळं आटपलं होतं. माईला तोंडही बघायला मिळालं नाही. ती भांडली नाही. पण त्यानंतर महिनाभर आप्पांना वाढताना ती एक शब्द बोलली नसेल. समाधानी आप्पा होते ग, आणि भरलं माईने.

आणि तरी हेच आप्पा एकदा साहेबांच्या केबिनमध्ये तीनदा जाऊन आले. राजवाड्यापाशी पोलिओ झालेला एक मुलगा पेपर विकायचा. एसटीडी बूथ देताना अपंगांना प्राधान्य असायचं, कागदोपत्री. याचा अर्ज कुठल्यातरी फायलीखाली पडला होता. आप्पांनी तो वर काढायला लावला, बूथ मिळाला. माई म्हणाली, "परक्यासाठी बरी जीभ उचलते." आप्पा म्हणाले, "त्याला दुसरं कोण आहे?" मला हे तेव्हा निम्मंच पटलं होतं. अजूनही निम्मंच.

आमचा फोन पुढे आला, नंबर लागला तेव्हाच. पहिली रिंग वाजली, सगळे धावलो, रॉंग नंबर.

आता एक कबुली. टोरांटोला आलो तेव्हा इथला अनुभव नाही म्हणून मला कुणी दारात उभं करत नव्हतं. मंडळाच्या गणपतीत मोदकमावशी भेटल्या आणि त्यांनीच माझा बायोडेटा त्यांच्या साहेबांच्या हातात दिला. मी आप्पांना फोनवर "नोकरी लागली" एवढंच सांगितलं. त्यांनीही पुढे विचारलं नाही. म्हणजे तुला नाही म्हणताना मी काही धुतल्या तांदळासारखी नाही.

मला तेव्हा दुसरं कोण होतं, असं मी स्वतःला सांगते. तुला आम्ही आहोत, कॉलेज आहे, भाषा आहे. तुझ्यासारखाच अर्ज भरणाऱ्या एखाद्या मुलीची आई कुणालाच ओळखत नसेल. पण मग वाटतं, सगळेच मेल टाकत असतील तर आप्पांच्या हिशेबात तुला एकटीला कशाला बसवू? माईसारखं तू का भरायचंस?

'चालेल'चं म्हणशील तर तुझं अर्धं खरं आहे. छोट्या घराला, जुन्या गाडीला मी चालेल म्हणते ते मनापासून. मागच्या वर्षी प्रमोशन दुसऱ्याला गेलं तेव्हा 'चालेल' म्हटलं, तो भित्रेपणाच होता. बाबाला कळलं होतं, तो काही बोलला नाही.

तर मेल मी टाकत नाही. अर्ज तू भर. शनिवारी मावशी जेवायला येणार आहेत. त्यांच्याकडे काम कसं असतं, कुणाला घेतात, हे तूच त्यांना विचार. मी स्वयंपाकघरात असेन, मध्ये तोंड घालणार नाही. आणि विचारावंसं वाटलं नाही तरी चालेल. हे मनापासूनचं.

आई