झडपेचं पेटंट मागता येईल, खिडक्यांच्या हिशेबाचं नाही

प्रश्न : मी गुहागर तालुक्यात घरं बांधून देते, सिव्हिल इंजिनिअर आहे. जांभ्याच्या घरांत दर तासाचं तापमान आणि वाऱ्याची दिशा नोंदवत चौदा वर्षांत एक पद्धत बसवली आहे. खिडक्या कुठे आणि केवढ्या, पडवी किती खोल, स्लॅब आणि वरच्या छपरात किती मोकळी जागा, हे सगळं एक्सेलमध्ये निघतं. माझ्या घरांत पंखा पुरतो, एसी लावावा लागत नाही. त्यातूनच आढ्याखाली बसणारी, आपली आपण उघडमीट करणारी झडप केली. मागच्या डिसेंबरात चिपळूणला इंजिनिअर मंडळींच्या सभेत पद्धतीवर बोलले, चार पानी टिपणाच्या झेरॉक्स वाटल्या. शिमग्याच्या आधी ओळखीच्यांच्या होमस्टेवर झडप बसवली. आता मुंबईचे एक बिल्डर म्हणतात, ‘एक्सेल पाठवा, दोघांच्या नावाने पेटंट करू.’ एक सल्लागार सांगतात की पद्धतीला पेटंटच नसतं. अमेरिकेतला मावसभाऊ म्हणतो, तिकडे मिळतं. मी काय करू?

उत्तर : ताई, पहिलं काम म्हणजे एक्सेल पाठवू नका. बिल्डरना आज एवढंच कळवा की वकिलांशी बोलून सांगते. कारण खाली येईलच.

तुमच्या सल्लागारांचं म्हणणं अर्धं खरं आहे. आपल्या पेटंट कायद्यात, म्हणजे १९७० च्या अधिनियमात, शोधाची व्याख्याच ‘नवी वस्तू किंवा प्रक्रिया’ अशी आहे. तेव्हा पद्धतीला पेटंट नसतं, हे सरसकट चुकीचं. पण कलम ३ मध्ये काय काय शोध धरायचं नाही याची यादी आहे आणि तुमच्या एक्सेलला तिथल्या तीन गोष्टी आडव्या येतात. ३(के) मध्ये गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, अल्गोरिदम आणि ‘केवळ तेवढाच’ संगणक प्रोग्रॅम. ३(एम) मध्ये निव्वळ बौद्धिक क्रिया करण्याची योजना, नियम किंवा पद्धत. आणि ३(पी) मध्ये पारंपरिक ज्ञान.

तुमचं एक्सेल काय करतं ते बघा. भिंतीची जाडी, दिशा, काचेचं क्षेत्र असे आकडे घेतं आणि आकडेच देतं. पुढे नकाशा काढायचा तो तुम्ही. अनुभवी इंजिनिअर कागद-पेन्सिल घेऊन बसला तर जे करेल, तेच संगणक भराभर करतो. पेटंट कार्यालयाचा परीक्षक याला गणिती पद्धत म्हणेल आणि मला त्यात खोट काढता येणार नाही. शिवाय त्यातला बराच हिशेब आधीच लोकांसमोर आहे. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाची २०१८ सालची इको निवास संहिता काढून बघा. भिंती-खिडक्यांतून घरात किती उष्णता यावी याचं सूत्र त्यात आहे, त्याची १५ वॅट प्रति चौरस मीटर ही मर्यादा आहे, आणि आपल्यासारख्या उष्ण-दमट पट्ट्यात उघडणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के हवं, हेही आहे. त्यावर तुम्ही कोकणचे तुमचे आकडे चढवलेत. ती मेहनत मोलाची आहे, पण कायद्याच्या अर्थाने शोध नाही.

पडवी, मंगलोरी कौल, जाड चिऱ्याची भिंत, समोरासमोरची दारं हे तर आपल्या पणज्यांचं ज्ञान. ते कोणाच्याच नावावर होऊ शकत नाही. तुमच्या पत्रात एक भीती लपलेली दिसते, की बिल्डर उद्या याचंच पेटंट घेऊन तुम्हालाच ‘असं घर बांधू नका’ म्हणतील. तसं होणार नाही. जे तुम्हाला मिळू शकत नाही ते त्यांनाही मिळू शकत नाही. आणि तुमच्याकडून ऐकलेल्या गोष्टीवर त्यांनी अर्ज केलाच, तर कलम २५ खाली पेटंट मिळण्याआधी विरोध करता येतो, ‘हे माझ्याकडून गैररीतीने घेतलं’ हेच विरोधाचं पहिलं कारण म्हणून कायद्यात लिहिलेलं आहे. डिसेंबरचं चार पानी टिपण तेव्हा तुमच्या बाजूने उभं राहील.

आता झडप. खरं सांगायचं तर तुमचं पत्र मी दोनदा वाचलं ते तिच्यासाठी. तुम्ही लिहिलंय की पहिल्या झडपेच्या बिजागऱ्या दोन महिन्यांत गंजून बसल्या आणि कौलाखाली ओल धरली, कारण ती फक्त तापमान बघून उघडायची. आत गरम, बाहेर गार, की उघड. मग ती संध्याकाळी खारे वारे वाहत असतानाही उघडायची आणि खारट दमट हवा थेट आढ्यात जायची. म्हणून तुम्ही तिला कौलाखालच्या हवेचं तापमान, बाहेरचा दमटपणा आणि वाऱ्याची दिशा या तिन्ही गोष्टी एकत्र बघायला लावलं. खाऱ्या वाऱ्यात बंद, रात्री मतलई वारे सुरू झाले की उघडी, पावसाची झड आली की पुन्हा बंद. बिजागरीच्या जागी नायलॉनची पट्टी.

ताई, तुमचा शोध इथे आहे, आणि पत्रात तुम्ही तो ‘ता. क.’ म्हणून शेवटी लिहिलात. त्यातही हिशेब आहेच, पण तो कागदावर थांबत नाही. त्या हिशेबाने मोटर फिरते, झडप हलते, गरम हवा बाहेर पडते, वासे कोरडे राहतात. कलम ३(के) मधले ‘केवळ तेवढाच’ हे शब्द २००२ च्या दुरुस्तीने आले. त्यांचा अर्थ दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ च्या फरीद अल्लानी प्रकरणात उलगडला आहे : प्रोग्रॅम आहे एवढ्यावरून अर्ज फेटाळायचा नाही, त्यातून तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक योगदान दिसतं का ते तपासायचं. तुमच्या बाबतीत तो परिणाम हात लावून बघता येतो.

म्हणून अर्जात ‘ऊर्जा वाचवणारं घर रचण्याची पद्धत’ असं लिहू नका. या एका वाक्यावर अर्ज आपटतो. घर थंड राहणं हे फळ आहे आणि पेटंट फळाला नसतं, ते ज्या साधनाने मिळालं त्याला असतं. दावा झडपेच्या रचनेचा आणि ती चालवण्याच्या प्रक्रियेचा असावा : कुठे कुठे कोणते सेन्सर, कोणत्या क्रमाने काय मोजलं जातं, कोणत्या स्थितीत झडप किती उघडते.

मिळेलच असं मी म्हणत नाही. आत-बाहेरच्या तापमानातला फरक बघून उघडणारी झरोके-यंत्रणा जगात जुनी आहे, हरितगृहांत ती असते. परीक्षक म्हणेल, सेन्सर माहितीचा, मोटर माहितीची, नवीन काय? कलम ३(एफ) प्रमाणे ओळखीच्या वस्तू नुसत्या शेजारी मांडल्या आणि प्रत्येक वस्तू आपापलं ठरलेलं काम करत राहिली, तर तो शोध नव्हे. तुम्हाला दाखवायचंय ते हे की तिन्ही मोजमापं एकमेकांवर अवलंबून आहेत, आणि दमटपणा-वाऱ्याची दिशा वगळली तर किनाऱ्यावर ती झडप बिघडते. हे दाखवायला तुमच्याइतका पुरावा क्वचित कोणाकडे असतो. ती शाळेची वही, ज्यात पहिल्या झडपेच्या ओलीच्या नोंदी तारखेनिशी आहेत, ती जपा. अपयशाची पानं फाडू नका. जाणकार माणसाला जे सहज सुचलं नसतं ते तुम्हाला का सुचलं, याचं उत्तर त्याच पानांत आहे. अर्जाआधी जुन्या पेटंटांचा शोध मात्र नीट करून घ्या. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर तो फुकट करता येतो.

यापुढची गोष्ट घाईची आहे. पेटंटाला शोध अर्जाच्या दिवशी नवा असावा लागतो आणि तुम्ही तर डिसेंबरात सभेत बोललात. कलम ३१ थोडी सवलत देतं : विद्वत्‌सभेपुढे शोधकर्त्याने स्वतः निबंध वाचला असेल, तर बारा महिन्यांच्या आत अर्ज केल्यास त्या वाचनाने नवेपण जात नाही. २०२४ च्या नियमांपासून ही सवलत मागायला फॉर्म ३१ आहे. पण चिपळूणची इंजिनिअर मंडळींची सभा ‘विद्वत्‌सभा’ ठरेल का, यावर वाद होऊ शकतो, आणि हाती वाटलेल्या झेरॉक्स त्या कलमात बसतीलच असं नाही. माझा भरवसा वेगळ्या गोष्टीवर आहे. टिपणाची प्रत तुम्ही सोबत जोडलीत ती मी वाचली. चारही पानं खिडक्या आणि पडवीची आहेत. झडपेबद्दल एकच ओळ आहे, ‘रात्री छपराखालची गरम हवा बाहेर सोडावी.’ कशी सोडावी ते कुठेच नाही. म्हणजे तुमचा खरा शोध त्या दिवशी तुमच्याकडेच राहिला. सभेत तोंडी कोणी विचारलं होतं का आणि तुम्ही काय सांगितलंत, ते आठवून आजच लिहून ठेवा.

होमस्टेचं प्रकरण जास्त नाजूक. कलम ३२ सांगतं की अर्जाच्या आधीच्या एका वर्षात, केवळ वाजवी चाचणीसाठी आणि लोकांत करणं गरजेचंच असल्यामुळे शोध वापरला असेल, तर तो नवेपणाला बाधत नाही. घराची झडप खऱ्या घरावर, खऱ्या समुद्राशेजारीच तपासावी लागते, हे सहज पटवता येईल. प्रश्न पैशाचा आहे. मालकांकडून झडपेची किंमत घेतलीत का? पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही. सामानाचा खर्च घेतला असेल तर सांभाळून घेता येईल, नफा धरून बिल फाडलं असेल तर ती चाचणी राहत नाही, विक्री होते. मालकांनी समाजमाध्यमांवर झडपेचा उघडा भाग दाखवणारा व्हिडिओ टाकलाय का तेही बघा. असेल तर काढायला सांगा आणि तो कधी टाकला होता ती तारीख मला कळवा.

आज जुलै संपतोय. डिसेंबरची वाट बघू नका, गणपतीच्या आत तात्पुरतं विनिर्देशपत्र, म्हणजे शोधाचं लेखी वर्णन, दाखल करा. त्याने तारीख तुमच्या नावावर लागते आणि पूर्ण विनिर्देशपत्राला बारा महिने मिळतात. तात्पुरतं म्हणजे त्रोटक नव्हे. जे त्यात लिहिलं नाही त्याला ती तारीख मिळत नाही, म्हणून आकृत्या, नायलॉनची पट्टी, सेन्सरच्या जागा सगळं घाला. अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात जातो, घरबसल्या ऑनलाइन करता येतो. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन केलात तर सरकारी फी १,६०० रुपये. पुढे परीक्षणाची मागणी वेगळी करावी लागते, तिची फी ४,००० रुपये, आणि पहिल्या तारखेपासून ३१ महिन्यांत ती केली नाही तर अर्ज मागे घेतला असं धरतात. स्त्री अर्जदाराला जलद परीक्षण मागता येतं, त्याची फी जास्त आहे, पण तुमच्या हातात कराराची बोलणी असताना ती द्यावी असं माझं मत. पेटंट मिळालं तर अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून वीस वर्षं.

आता ते ‘दोघांच्या नावाने’. हे ऐकायला आपुलकीचं वाटतं. कलम ५० वाचा. सहमालक झालात की प्रत्येकाला समान हिस्सा, आणि वेगळा करार नसेल तर प्रत्येक जण तो शोध स्वतःच्या फायद्यासाठी दुसऱ्याला एक पैचाही हिशेब न देता वापरू शकतो. बिल्डरच्या शंभर घरांवर झडप बसली तरी तुम्ही हात चोळत बसाल. उलट तुम्हाला ती दुसऱ्या कोणाला वापरायला द्यायची असेल तर त्यांची संमती लागेल. शिवाय शोधकर्ते ते नाहीतच. अर्ज तुमच्या एकटीच्या नावाने करा आणि त्यांना पैसे घेऊन परवाना द्या, घरामागे ठरावीक रक्कम. माणूस चांगला असेल तर त्याला यात काही अडचण वाटू नये.

एक्सेलला पेटंट नाही म्हणजे ते उघड्यावर टाका असं नाही. फाइल आणि तुमचे नकाशे कॉपीराइटमध्ये येतात, नक्कल करता येत नाही. पण कॉपीराइट कायद्याच्या कलम १३(५) ने स्पष्ट केलंय की वास्तूच्या बाबतीत हक्क कलात्मक रूप आणि रचनेपुरता, बांधकामाच्या प्रक्रिया आणि पद्धतींना नाही. पद्धत समजून घेऊन दुसऱ्याने स्वतःची फाइल बनवली तर तुम्ही काही करू शकणार नाही. म्हणून तिचं रक्षण गुप्ततेत आहे. आपल्याकडे व्यापारी गुपितांचा स्वतंत्र कायदा नाही, जे काही आहे ते करारावर. बिल्डरना हिशेबाची उत्तरं द्या, खिडक्या भरलेला नकाशा द्या. सूत्रं असलेली फाइल तुमच्याच लॅपटॉपवर राहू द्या, आणि बोलणी सुरू होण्याआधी गुप्ततेच्या करारावर सही घ्या.

मावसभावाला सांगा की तिकडेही वाट सरळ नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या ॲलिस प्रकरणात ठरवलं की अमूर्त कल्पना संगणकावर चालवली म्हणून ती पेटंटयोग्य होत नाही. युरोपात २०२१ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाच्या विस्तारित मंडळापुढे, इमारतीतून माणसांची गर्दी कशी सरकेल हे संगणकावर पडताळण्याचा प्रश्न आला होता. ज्याचं चित्र संगणकावर उभं केलंय ती गोष्ट तांत्रिक आहे, एवढ्याने भागत नाही, असं मंडळ म्हणालं. म्हणजे तुमचं एक्सेल तिकडेही अडकेल. झडपेचा अर्ज परदेशात करायचाच असेल तर आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३९ लक्षात ठेवा : भारतात राहणाऱ्याने आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं किंवा लेखी परवानगी घ्यायची. भावाने उत्साहाने तिकडे परस्पर अर्ज केला तर इथला अर्ज धोक्यात येईल.

येताना वही, टिपणाची मूळ प्रत, होमस्टेच्या मालकांशी झालेला पैशाचा व्यवहार दाखवणारे कागद आणि गंजलेली ती पहिली बिजागरी, असेल तर, घेऊन या.